वर्गात नऊ महिने मायक्रोबिट: रेडिओ शिकवतानाचा अनुभव

जूनमध्ये सातवीसाठी दहा मायक्रोबिट, म्हणजे तळहातावर मावणारे, प्रोग्राम करता येणारे छोटे संगणक, घेतले. पोरं अडतीस, म्हणजे चौघांत एक. पाच बाय पाच दिवे, दोन बटणं आणि आत २.४ गिगाहर्ट्झचा रेडिओ. दिवे लुकलुकवणं, तापमान दाखवणं पहिल्या महिन्यातच उरकलं. पोरांचा जीव रमला तो रेडिओत.

मेककोड या प्रोग्राम बनवायच्या संकेतस्थळावर ठोकळे जोडायचे: बटण दाबलं की आकडा पाठव, आकडा आला की चित्र दाखव. पण पहिल्या तासाला काहीच पोचेना. सेल बदलले, केबल बदलल्या. घोळ वेगळाच होता. ज्यांचा गट क्रमांक सारखा, त्यांनाच एकमेकांचे संदेश मिळतात. गट क्रमांक दिला नाही तर प्रोग्रामच स्वतःपुरता क्रमांक ठरवतो, आणि आमचे पाठवणारे व घेणारे प्रोग्राम वेगवेगळे होते. मग सगळ्यांनी एकदम १ टाकला आणि वर्गात गलका उठला. "बाई, आम्हाला कुणी पाठवलंच नाही, तरी बदाम आला!"

तो बदाम मला फार उपयोगी पडला. बिनतारी संदेश तारेसारखा एकाकडेच जात नाही, तो चहूकडे पसरतो, हे फळ्यावर कितीही सांगितलं तरी पोरांच्या गळी उतरत नव्हतं. पुढच्या तासाला एका जोडीला गुपचूप गट निवडायला लावला आणि दर सेकंदाला आकडा पाठवत राहायला सांगितलं. बाकीच्यांनी अ बटणावर गट एकेकाने वाढवणारा प्रोग्राम केला. ० ते २५५ एवढेच तर गट! मधल्या सुट्टीआधी चोरी पकडली गेली. तेव्हा मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "मग आकड्यात सात मिळवून पाठवू, तिकडं सात वजा करायचे." कूटलेखन हा शब्द मी त्यानंतर फळ्यावर लिहिला, आधी नाही.

स्टीलच्या डब्याचा प्रयोग जरूर करा. पाठवण्याची ताकद ० ते ७ ठेवता येते. ती ० वर आणून मायक्रोबिट जेवणाच्या डब्यात ठेवला आणि झाकण घट्ट लावलं की पलीकडचे दिवे थांबले. झाकण सैल केलं की पुन्हा सुरू. पोरं कितीतरी वेळ झाकणच उघडमीट करत बसली.

आमची शाळा जुन्नर तालुक्यातली, त्यामुळे विज्ञान दिनाला खोडदची रेडिओ दुर्बीण बघायला जाणं ठरलेलं. तिथे आणि आजूबाजूच्या परिसरात पसरलेल्या ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना आकाशातून येणाऱ्या अतिक्षीण रेडिओ लहरी टिपतात. मोबाईल बंद करायला सांगितलं, तेव्हा या वर्षी कुणीच "का?" विचारलं नाही. उलट एकाने दप्तरातल्या मायक्रोबिटचे सेल काढून माझ्या हातात दिले.

घेणार असाल तर दोन गोष्टी सांगते. केबल डेटाची आहे ना, हे दुकानातच बघून घ्या. आमच्या चार केबल नुसत्या चार्जिंगच्या निघाल्या. आणि चौघांत एक कमी पडतो. रेडिओला दोन टोकं लागतात, म्हणून चौघांत दोन हवेतच. पुढच्या जूनसाठी आणखी दहा मागवलेत.