हात न लावता डिसआर्म होणारी अलार्म सिस्टम, काही महिने वापरल्यानंतर

आधीच सांगून टाकतो, हँड्सफ्री डिसआर्म, म्हणजे कीपॅडला हात न लावता अलार्म आपोआप बंद होणं, मला आवडलंय, ते बंद करायचा विचारही नाही, पण सिस्टम डब्यातून काढली तेव्हा ते ज्या सेटिंगवर होतं त्यावर आता मी ते एक रात्रसुद्धा ठेवणार नाही. कारण साधं आहे. अलार्म चुकून वाजला तर सगळ्यांना कळतं, शेजारी येऊन विचारतात काय झालं म्हणून. तोच अलार्म चुकून बंद झाला तर कुणालाच कळत नाही, घर उघडं पडलेलं असतं आणि आपण निवांत.

ज्यांनी अजून अशी सिस्टम घेतलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. आर्म करून, म्हणजे अलार्म चालू करून, बाहेर गेलात आणि परत येऊन दार उघडलं की दारावरचा सेन्सर हबला, म्हणजे सिस्टमच्या मुख्य यंत्राला, सांगतो, पण हब लगेच सायरन वाजवत नाही, पिन टाकायला थोडा वेळ देतो. ह्याला एन्ट्री डिले म्हणतात. खोटे अलार्म कमी व्हावेत म्हणून अमेरिकेत सीपी-०१ नावाचं स्टँडर्ड आहे त्यातही हा वेळ निदान ३० सेकंद ठेवा असं आहे. आता ३० सेकंद तसे पुष्कळ, पण दोन्ही हातात सामान, काखेत छत्री आणि तो कीपॅड बीप बीप बीप करतोय, अशा वेळी स्वतःच्या घरचा पिनसुद्धा आठवत नाही. म्हणून हे हँड्सफ्री.

सुरुवातीला आमच्याकडे चालू होतं ते जिओफेन्स. ॲपमधल्या नकाशावर घराभोवती गोल काढायचा, फोन गोलात आला की माणूस आला असं धरून सिस्टम डिसआर्म. मला वाटलेलं दारापुरता वीसेक मीटरचा गोल काढू, पण तसं जमत नाही, गूगल स्वतःच अँड्रॉइडचे ॲप बनवणाऱ्यांना सांगतं की त्रिज्या कमीत कमी १०० ते १५० मीटर ठेवा, कारण वायफायवरून मिळणारं लोकेशनच २० ते ५० मीटर इकडेतिकडे असतं. दीडशे मीटरमध्ये आमचा मागचा रस्ता आख्खा आत येतो. मुलीची क्लासची बस त्याच रस्त्याने जाते. म्हणजे आम्ही सगळे बाहेर, घराला कुलूप, आणि बस नुसती मागून गेली तर सिस्टमने घर मोकळं करून ठेवलं! बस पुढे गेल्यावर परत आर्म व्हायला हवं होतं ना, तर नाही, ॲपने फक्त ‘आर्म करायचं का?’ असं नोटिफिकेशन टाकलं, तेही तिच्याच फोनवर, आणि क्लासमध्ये फोन सायलेंट.

उलटाही त्रास आहे. अँड्रॉइड ८ पासून ॲप बॅकग्राउंडला असेल तर लोकेशनचा निरोप दर दोनतीन मिनिटांनी कधीतरी मिळतो, म्हणजे मी दारात उभा, बीप चालू, आणि हबच्या हिशोबाने मी अजून रस्त्यातच. मग सामान खाली ठेवून पिन टाकायचाच. मग हँड्सफ्री कशाला घेतलं?

पण हे दोन्ही चालवून घेतलं असतं. रात्रीचं नाही चालवून घेणार. रात्री आम्ही नाईट मोड लावतो, म्हणजे दारं खिडक्या आर्म, आतल्या हालचालीचे सेन्सर बंद. एकदा सकाळी सहज लॉग, म्हणजे सिस्टमची नोंदवही, उघडला तर त्यात लिहिलेलं, २:४७ फोन घराबाहेर, २:५१ फोन घरी आला, डिसआर्म. फोन उशाशी चार्जिंगला होता हो. राउटर मध्येच बंद होऊन परत चालू झाला असणार, वायफाय गेलं की फोन टॉवरवरून अंदाज बांधतो, तो अंदाज गोलाबाहेर पडला, वायफाय आलं तसा फोन परत ‘घरी’ आला. सिस्टमने तिच्या डोक्याप्रमाणे बरोबरच केलं. पहाटेपर्यंत घर तसंच.

कस्टमर केअरवाल्यांचं म्हणणं रेडियस वाढवा. वाढवा!

त्यानंतर मी जे लावलं ते आजपर्यंत चाललंय. जिओफेन्सने डिसआर्म करायचंच नाही, त्याने फक्त ‘हा माणूस जवळ आलाय’ एवढी नोंद घ्यायची. डिसआर्म कधी, तर आधी नोंद झालेली असली पाहिजे, मग मुख्य दार उघडलं पाहिजे, आणि एन्ट्री डिले चालू असताना हबला त्याच माणसाचा ब्ल्यूटूथ टॅग, म्हणजे किल्लीला अडकवायचा छोटा बिल्ला, दिसला पाहिजे. तिन्ही जुळलं तरच. नाईट मोडला हे लागूच नाही, तिथे पिन. आता लॉग असा दिसतो: १८:४२:०७ मुख्य दार उघडलं, १८:४२:०९ टॅग दिसला, १८:४२:१० डिसआर्म. दोनतीन बीप होतात तेवढ्यात बंद, मी चप्पलसुद्धा काढलेली नसते. आणि बस मागून कितीही वेळा गेली तरी दार उघडत नाही तोवर काही होत नाही.

सगळ्या सिस्टममध्ये अशा अटी लावता येत नाहीत, घेण्याआधी हेच विचारा, बाकी कॅमेरा किती मेगापिक्सेल वगैरे नंतर.

टॅगबद्दल जरा सविस्तर, कारण तो नुसता किल्लीला अडकवला की झालं असं नाही. बायकोची एक जास्तीची पर्स दाराच्या आतल्या खुंटीला असते आणि टॅग काही दिवस त्यात राहिला होता. म्हणजे दार कोणीही उघडलं असतं तरी हबला टॅग दिसलाच असता, चोराला आपणच पास देऊन ठेवल्यासारखं. म्हणून टॅग ‘दिसतोय’ एवढं पुरत नाही, आधी दिसत नव्हता आणि आता दिसायला लागला असं असलं पाहिजे. आमच्या ॲपमध्ये हा ऑप्शन ॲडव्हान्स्डच्या आत कुठेतरी पुरून ठेवलेला. दुसरं म्हणजे टॅग मागच्या खिशात असेल तर सिग्नल कमी मिळतो, ब्ल्यूटूथ २.४ गिगाहर्ट्झवर चालतं आणि अंगातलं पाणी ते शोषून घेतं. सॅकच्या बाहेरच्या कप्प्यात टाकल्यापासून तक्रार नाही.

आणि ब्ल्यूटूथला फसवता येतं हे खरंय. २०२२ साली एनसीसी ग्रुप ह्या सायबर सुरक्षेच्या कंपनीच्या लोकांनी दाखवलं होतं की मालकाजवळचा सिग्नल एका यंत्राने उचलून दुसऱ्या यंत्राने दाराशी पोचवला तर गाडी किंवा स्मार्ट लॉक समजतं मालक इथेच उभा आहे. टेस्लाची गाडी उघडून दाखवली होती. यूडब्ल्यूबी (अल्ट्रा-वाइडबँड) हे दुसरं रेडिओ तंत्र ह्यावर उपाय आहे, कारण त्यात सिग्नल किती जोरात आला हे न बघता यायला किती वेळ लागला ते मोजतात, आणि लांबून फिरवून आणलेल्या सिग्नलला वेळ जास्त लागणारच. आमच्या हबमध्ये ते नाही. दार आधी किल्लीने उघडावं लागतं म्हणून मी फार काळजी करत नाही, पण ज्यांचं कुलूपही टॅगनेच उघडतं त्यांनी करावी.

आवाजाने डिसआर्म पण होतं काही ठिकाणी. अलेक्साला पिन तोंडाने सांगावा लागतो, म्हणजे अर्ध्या उघड्या दारात उभं राहून चार आकडे मोठ्याने म्हणायचे. नको.

फोनचं एक लक्षात ठेवा. अँड्रॉइड ११ पासून जे ॲप बरेच महिने वापरलं नाही त्याच्या परमिशन फोन आपणहून काढून घेऊ शकतो, आणि हँड्सफ्रीचं ॲप म्हणजे जे उघडायचंच नाही म्हणून घेतलेलं! सेटिंगमध्ये जाऊन हे परमिशन काढून घेणं बंद करा, बॅटरी सेव्हरमधूनही ॲप वगळा. आयफोन मधूनमधून विचारतो हे ॲप मागून लोकेशन वापरतंय, चालू ठेवू का, तिथे घाईत नको दाबलंत तर सगळं बंद पडतं आणि कारण लवकर सापडत नाही, बायकोच्या फोनवर हेच झालं.

आईला ह्यातलं काही नको. ती कीपॅडवर पिन टाकते आणि एकदाही चुकत नाही. एका बाबतीत तिचंच बरोबर आहे असं मला वाटायला लागलंय. कीपॅडवर एक ड्युरेस कोड असतो, कोणी धाक दाखवून आपल्याबरोबर आत शिरलं तर तो टाकायचा, अलार्म बंद झाल्यासारखा दिसतो पण मागून मदतीचा निरोप जातो. हँड्सफ्रीमध्ये ती संधीच मिळत नाही, दार उघडलं की सिस्टम आपणहून शांत. टॅगच्या बटणाला पॅनिक, म्हणजे मदतीचा निरोप, लावता येतं, मी ते तीन सेकंद दाबून धरायचं असं ठेवलंय, पण आयत्या वेळी खिशात हात घालायला मिळेल का कोण जाणे. आई एकटी घरी येते तेव्हा तिच्यासाठी पिनच ठेवलाय, आणि तसाच राहील.

डिसआर्मच्या नोटिफिकेशनला वेगळा आवाज लावा, आणि ते घरातल्या सगळ्या फोनवर जाऊ द्या. आर्म झाल्याचं बंद केलंत तरी चालेल. टॅगमध्ये सीआर२०३२ बॅटरी आहे, कुठेही मिळते, पण बॅटरी उतरत आली की टॅग उशिरा दिसायला लागतो आणि लो बॅटरीची सूचना त्यानंतर येते, तेव्हा दोन बीपऐवजी आठदहा बीप व्हायला लागले की सूचनेची वाट न बघता बदलून टाका.