माफीत 'खरं' नको : पाळकांच्या ॲडव्हान्स ट्रेनिंगला पाच दिवस बसून आले त्याबद्दल

गेल्या पावसाळ्यात आमच्या साहेबांबरोबर (नवरा, खानापूर तालुक्यात पाळक आहेत, म्हणजे चर्चचे पाद्री) बेळगावजवळच्या एका रिट्रीट सेंटरला पाच दिवस राहून आले. ट्रेनिंगचं नाव इंग्लिशमध्ये हे एवढं लांब, सरळ मराठीत सांगायचं तर पाळकानं मंचावर एक आणि घरात एक असं असू नये, आणि मंडळीत, म्हणजे चर्चच्या लोकांत, तुटलेली माणसं परत कशी जोडायची. संस्थेचं नाव टाकत नाही कारण खाली तक्रारी पण आहेत आणि आम्हाला याच लोकांत राहायचंय. पाच वर्षं सेवा झालेल्यांनाच घेतात. फी 3,500, बायको सोबत असेल तर वर 2,000. जाताना लाल बसला मला शक्ती योजनेचं (कर्नाटकात बायकांना सरकारी बस फुकट) झिरो तिकीट आणि साहेबांना पैसे, तेवढाच माझा नफा.

फॉर्मबरोबर एक होमवर्क होतं. तुमच्या सेवेमुळं दुखावलेल्या तीन माणसांची नावं लिहून आणा, कुणाला दाखवायची नाहीत. साहेबांनी दोन पटकन लिहिली आणि मग तासभर पेन घेऊन बसले. तिसरं नाव मला माहीत होतं, मी काही बोलले नाही.

पहिल्या संध्याकाळी सगळ्यांना गोल बसवलं. हातात वस्तू असेल त्यानंच बोलायचं, बाकीच्यांनी ऐकायचं, मध्ये आमेनसुद्धा म्हणायचं नाही. ती वस्तू सर घरी विसरून आलेले, म्हणून स्वयंपाकघरातनं लाटणं आणलं. आता पंचेचाळीस मिनिटं उपदेश करणारी माणसं ही, त्यांना लाटणं येईपर्यंत गप्प बसायचं म्हणजे बघण्यासारखं होतं, एकजण तर खोकून खोकून आपलं मत सांगत होते. खरं दुसऱ्या दिवसापास्नं फरक पडला. गोकाककडचे एक वयस्कर पाळक लाटणं धरून पाच मिनिटं नुसते बसले, मग कन्नडमध्ये एवढंच बोलले की माझा मुलगा चर्चला येत नाही आणि का येत नाही हे मी त्याला कधी विचारलं नाही. लाटणं पुढं सरकलं ते कुणी घ्यायलाच तयार होईना.

शिकवणारे दोघं. मंगळूरकडचे सर थिअरीचे, त्यांनी कॅनडातल्या एल्मायरा गावची गोष्ट सांगितली. 1974 ला दोन पोरांनी एका रात्रीत 22 ठिकाणी तोडफोड केली, तर प्रोबेशन ऑफिसरनं जजला सुचवलं की यांना नुसती शिक्षा नको, ज्यांचं नुकसान केलंय त्यांच्या दारात पाठवा. पोरं घरोघर गेली, लोकांना तोंड दाखवलं, नंतर पैसे भरून दिले. दुखावणाऱ्याला आणि दुखावलेल्याला समोरासमोर आणायच्या या कामाची सुरुवात तिथनं धरतात म्हणे. मग त्यांनी प्रश्नच बदलून दिला. कुठला नियम मोडला आणि शिक्षा काय हे नंतर, आधी कोण दुखावलं, त्याला काय पाहिजे, आणि ते भरून द्यायचं कुणी. हे मी घरी येऊन पोरांच्या भांडणात वापरतेय, चालतंय.

दुसरे सर पुण्याकडचे, त्यांचं शास्त्रावरचं सेशन मात्र पैसे वसूल. पहाटे पावसात व्हरांड्यात कोळशाची शेगडी पेटवून ठेवली आणि सगळ्यांना भोवती बसवलं. बायबलात योहानाच्या 18 व्या अध्यायात येशूचा शिष्य पेत्र कोळशाच्या विस्तवाशी शेकत प्रभूला नाकारतो, आणि 21 व्या अध्यायात उठलेला प्रभू किनाऱ्यावर तसाच विस्तव करून मासे भाजतो आणि त्याला न्याहारीला बोलवतो. तो ग्रीक शब्द अख्ख्या नव्या करारात या दोनच ठिकाणी येतो. म्हणजे बघा, जिथं पडला तोच वास, तीच ऊब, तीनदा नाकारलं म्हणून 'माझ्यावर प्रेम करतोस काय' हे तीनदा विचारणं, आणि एकदाही 'तू असं का केलंस' नाही, उलट मेंढरं, म्हणजे आपली माणसं, सांभाळायला हातात दिली. लहानपणापास्नं संडे स्कूलला ऐकलेली गोष्ट, खरं कोळशाचा धूर नाकात जात असताना ऐकली ती वेगळीच. एकांना दमा होता ते उठून गेले, पुढच्या वेळी याची काळजी घ्यावी.

गलतीकरांच्या पत्राच्या 6 व्या अध्यायातलं, चुकलेल्याला सौम्यपणे ताळ्यावर आणा हे वचन, त्यातलं क्रियापद म्हणजे मार्कात कोळी जाळं सांधत बसलेत तिथलंच, असंही सर म्हणाले. आम्ही ते वचन कमिटीच्या मीटिंगमध्ये माणसाला झापायला वापरतो. बेळगावात मिशनचं काम 1820 ला लंडन मिशननं सुरू केलं, 1904 ला मेथडिस्टांकडं आलं, दोनशे वर्षांत शाळा झाल्या, चर्चेस झाली, खरं मंडळीसमोर पाळक 'माझं चुकलं' म्हणालाय असं मी तरी ऐकलेलं नाही.

एक प्रसंग सांगायलाच पाहिजे. चिकोडीकडच्या एका तरुण सेविकेनं विचारलं, बायकोला मारणाऱ्याला पण तिच्यासमोर गोलात बसवायचं काय? सर गडबडले, क्षमेबद्दल काहीतरी बोलले आणि चहाची सुट्टी झाली. मला राग आला, कारण आमच्याकडं 'सांभाळून घे गं' हे देवाच्या नावानंच सांगतात. दुसऱ्या दिवशी सकाळी ते स्वतःहून उभे राहिले आणि म्हणाले काल मी कच्चं उत्तर दिलं. आधी तिला सुरक्षित करा, ती नको म्हणाली तर नको, आणि लेकरावर लैंगिक अत्याचाराची बाब असेल तर समेटाचा विषयच नाही, पोक्सो कायदा 2012 प्रमाणे पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, पाळक असलात तरी. पाच दिवसांतलं हे सगळ्यात चांगलं शिकवणं. फक्त ते नोट्समध्ये छापलेलं असायला हवं होतं.

आता तक्रारी. साठ पानांच्या नोट्स सगळ्या इंग्लिश. दुभाषी कन्नडचा होता, मराठीचा नाही, आणि निम्मे लोक निपाणी-खानापूरकडचे. बोर्डाच्या भाषेवरनं भांडणारा जिल्हा आमचा, एवढं तरी ओळखायला नको? शेजारच्या म्हाताऱ्या पाळकांना पाच दिवस मीच कानात सांगत बसले. उदाहरणं सगळी परदेशी. ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांनी 1917 ला मिशनचा पगार सोडून साताऱ्यात 'देवाचा दरबार' हा येशूभक्तांचा मेळ मांडला, हे आमचं घरचं उदाहरण कुणाला आठवलं नाही. पाळकीणबायकांकडनं 2,000 घेऊन एका दुपारी आम्हाला वेगळं काढलं आणि 'पतीला आधार कसा द्यावा' ऐकवलं, त्यात मी झोपले. गरम पाणी साडेसहापर्यंतच. जेवण मात्र चांगलं, उप्पीट मऊ, रस्सा झणझणीत, आणि शेवटच्या रात्री कुणीतरी बेळगावातनं कुंदा आणला.

5 पैकी साडेतीन. नुसतं सर्टिफिकेट पाहिजे असेल तर जाऊ नका, ती तीन नावं लिहायची तयारी असेल तर जावा, मराठी दुभाषी आहे काय हे आधी फोन करून विचारा. महिन्यानं फोन करून चौकशी करणार म्हणाले होते, अजून आलेला नाही.

शेवटी पुण्याच्या सरांनी माफी मागायची प्रॅक्टिस घेतली. चार दिवसांत त्यांच्या लक्षात आलेलं की आम्ही 'पण'ला 'खरं' म्हणतो. म्हणाले, माफीत 'खरं' आलं की माफी गेली. सगळे हसले.

पंधरा दिवसांनी साहेब तिसऱ्या नावाकडं गेले, मी बरोबर. मंडळीचे जुने खजिनदार, सगळे त्यांना मामा म्हणतात. चार वर्षांमागं साहेब उपदेशात नाव न घेता त्यांच्या हिशेबावर बोलले होते, नंतर पावतीपुस्तक सापडलं, सगळं बरोबर होतं, तोपर्यंत मामा यायचे बंद झालेले. साहेब ओट्यावर बसले. "मामा, चुकलं माझं. खरं त्यावेळी..." एवढं बोलले आणि थांबले. माझ्याकडं बघितलं. परत म्हणाले, "चुकलं माझं."

मामांनी आत चहा सांगितला. कप हातात दिला आणि म्हणाले, "उपासनेत बोललासा न्हवं? मग उपासनेतच सांगा की."

साहेब होय म्हणून आलेत. पंच कमिटीच्या कानावर घालून मग सांगतो म्हणायलेत. मीटिंग आत्तापर्यंत दोनदा पुढं गेलीय.