घरगुती ५जी वायरलेस इंटरनेट : दांडिया बाजारातून परीक्षण

वडोदऱ्याच्या दांडिया बाजारातील आमच्या जुन्या वाड्यात फायबरची तार ओढण्यास सर्व भाऊबंदांची संमती मिळेना, म्हणून एका कंपनीची ५जी वायरलेस सेवा घेतली. सेवा चांगली आहे. मात्र यंत्र कोठे बसवले जाते यावर तिचा दर्जा फार अवलंबून आहे.

तंत्रज्ञाने पेटी माजघरात ठेवली आणि सिग्नलच्या सर्व काड्या दिसतात, तेव्हा काम झाले, असे सांगितले. काड्या केवळ टॉवरकडून येणाऱ्या संकेताचे माप देतात. टॉवरवरील अँटेनांचा मोठा संच आपल्या घराकडे लहरी एकवटतो, तो मात्र आपल्या यंत्राने पाठवलेल्या पायलट संकेतावरून (म्हणजे टॉवरला आधीच ठाऊक असलेल्या ठरावीक खुणेवरून) चॅनेलचा, म्हणजे लहरींच्या वाटेचा, अंदाज बांधून. ३.५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात दोन्ही दिशांची वाहतूक एकाच वारंवारतेवर आळीपाळीने चालत असल्याने एका बाजूचा मार्ग मोजला की दुसऱ्या बाजूचाही कळतो, आणि पायलट किती लागतील हे अँटेनांच्या नव्हे, तर ग्राहकयंत्रांच्या संख्येवर ठरते. अडचण अशी की, टॉवर शे-दोनशे वॅटने बोलतो आणि ग्राहकाचे यंत्र सहसा ०.२ वॅटने. दीड हात जाडीच्या भिंतींतून ते क्षीण उत्तर गोंगाटात बुडते, अंदाज बिघडतो, झोत विस्कटतो. काड्या मात्र भरलेल्याच राहतात.

आग्रह धरून बाहेरचे यंत्र अगाशीवर बसवून घेतल्यावर वेग लक्षणीय वाढला. टॉवर तेथूनही थेट दिसत नाही, पण समोरच्या इमारतींवरून परावर्तित होणाऱ्या लहरीही अंदाजात धरल्या जात असल्याने फारसे अडत नाही. शिवाय यंत्र स्थिर आहे. ताशी ३६ किलोमीटर वेगाच्या स्कूटरवरील फोन १० मिलिसेकंदांत १० सेंटिमीटर सरकतो आणि तरंगलांबी तर जेमतेम ८.६ सेंटिमीटर, त्यामुळे तेथे अंदाज वापरेपर्यंत शिळा होतो. (उत्तरायणात केबलला मांजा अडकतो, ते वेगळे.)

संध्याकाळी वेग उतरतो. वाटेकरी वाढतात हे उघड कारण. त्यात पायलट मोजकेच असल्याने शेजारचे टॉवर तेच पुन्हा वापरतात आणि अंदाजांत परक्या यंत्रांच्या संकेतांची भेसळ होते. अँटेना अमर्याद वाढवल्यावर इतर गोंगाट विरतो, पण ही भेसळ उरते, असे बेल लॅब्जचे संशोधक थॉमस मार्झेटा यांच्या २०१० च्या विश्लेषणात दिसते. मोठ्या फायली वरचेवर पाठवणाऱ्यांना ही सेवा अपुरी वाटेल, कारण बहुतेक वेळ उतरत्या, म्हणजे टॉवरकडून घराकडे येणाऱ्या, वाहतुकीला दिलेला असतो. इतरांनी नोंदणी करतानाच बाहेरचे यंत्र लेखी मागून घ्यावे.