लवकर निघायचं की घर राखायला थांबायचं?

मेलबर्नच्या डोंगराळ कडेला राहणाऱ्या आपल्या मराठी घरांत डिसेंबर उजाडला, म्हणजे इथला उन्हाळा आणि वणव्यांचा हंगाम आला, की हा प्रश्न निघतोच. माझं मत आधीच सांगते: लवकर निघा. धूर दिसल्यावर गाडी काढणं म्हणजे लवकर नव्हे. ‘कॅटास्ट्रॉफिक’, म्हणजे आगीच्या धोक्याचा सर्वांत वरचा, इशारा असेल तर आदल्या रात्री, फार तर भल्या सकाळी. ७ फेब्रुवारी २००९ ला, ब्लॅक सॅटर्डेला, व्हिक्टोरिया राज्यात वणव्यांत १७३ माणसं गेली. त्यांतली बरीचशी घरांतच सापडली.

थांबायचं तर धडधाकट माणसं, पाण्याची स्वतंत्र टाकी आणि डिझेलवर चालणारा पंप हवा, कारण वीज आणि नळ ऐनवेळी दगा देतात. घरात तान्हं मूल किंवा आजी-आजोबा असतील तर हा विचारच नको.

पन्हळी मात्र दोघांनीही साफ करायच्या. बहुतेक घरं ज्वाळांनी नाही, वाऱ्यावर उडत आलेल्या निखाऱ्यांनी पेटतात. परवा शिडीवरून पन्हळीत हात घातला, तर निलगिरीची वाळकी पानं मुठीत पापडासारखी चुरली. एक ठिणगी पुरली असती! दारातलं काथ्याचं पायपुसणंही उचला. आणि शेजारच्या एकट्या आजी कुणाच्या गाडीतून जाणार, हे आजच त्यांच्याशी बोलून ठरवा.