चिखलातल्या दिवसांची खानावळ

23 सप्टेंबर 2023. पहाटे नागपूरचा अंबाझरी तलाव ओव्हरफ्लो झाला अन् आमच्या गल्लीत कमरेएवढं पाणी. फ्रिज आडवा तरंगत होता, शेगडी गाळात. पाणी ओसरलं, चिखल मात्र पंधरा दिवस काढत होतो. तेवढे दिवस चौकातल्या काकूंच्या खानावळीनं जेवू घातलं. डबा 60 रुपये, अन् पैसे मागितले थेट दिवाळीनंतर! वरण-भात, झुणका, एकदा तर वडाभात. पोळ्या जाड, तिखट म्हणजे काय बाप्पा! शेजारच्या शुगरवाल्या आजींचा डबा साडेबाराच्या आत पोचायचा, वर "गोळी घेतली का?" हेही विचारलं जायचं. पंचनाम्याला कोण कधी येणार, ते काकूंच्या गल्ल्यावरच कळायचं. गाडी लावायला जागा नाही. चार स्टार, एक पोळ्यांपायी कापला.