नारिंगी जाळी आणि पंच्याऐंशी हजार

आधी आकडा सांगून टाकतो, म्हणजे लाज एकदाच वाटेल: ८५,००० रुपये. दहा हजार यूपीआयने, बाकीचे रोख. नोटा मीच मोजून दिल्या. त्या बदल्यात घरी आले ते अक्रोडाच्या व्हिनियरचे दोन देखणे खोके.

जेबीएल कंपनीचा एल-१०० सेंच्युरी हा स्पीकर ज्याने पाहिलेला नाही त्याला हे वेड कळणं कठीण. १९७० साली तो आला, स्टुडिओत आवाज पारखायच्या स्पीकरचं, म्हणजे मॉनिटरचं, घरगुती रूप म्हणून. खर्जासाठी बारा इंची पांढरा वूफर, मधल्या सुरांसाठी पाच इंची मिडरेंज, वरच्या सुरांसाठी छोटा ट्वीटर, आणि समोर स्पंजची चौकड्यांची जाळी, चॉकलेटच्या वडीसारखी. गोव्यात फोंड्याला आमच्या वाड्यावर बोटीवर नोकरीला असलेले एक काका होते, त्यांच्याकडे नारिंगी जाळीची जोडी होती. चतुर्थीला आरत्या आटपल्या की ते अभिषेकीबुवांची एलपी लावायचे आणि आम्ही पोरं सतरंजीवर त्या जाळीसमोर बसायचो. तंबोरा सुरू झाला की पोटात कळायचं. काका गेले, मुलांनी घर विकलं, स्पीकरचं काय झालं देव जाणे.

२०१८मध्ये कंपनीने एल-१०० क्लासिक नावाने तो पुन्हा काढला. तोंडवळा तोच, ट्वीटर मात्र टायटॅनियमचा. किंमत लाखांत. मला नवा नकोच होता असं मी चारचौघांत सांगतो. खरं म्हणजे परवडत नव्हता.

तर गेल्या वर्षी चतुर्थीच्या तोंडावर फोनवर जाहिरात दिसली. बार्देश तालुक्यातलं गाव, नारिंगी जाळी, एक फोटो जाळी काढलेला, आत पांढरे वूफर झळकताहेत. फोन केला. पन्नाशीचा माणूस, बोलायला गोड. वडील बोटीवर होते, ते गेले, आता घर विकायचंय. मला तर काकाच आठवले. त्याला तरी काय माहीत, पण नेमकी नस सापडली होती.

घर जुनं पोर्तुगीज वळणाचं. बाल्कांवात, म्हणजे पुढच्या ओसरीवर, बसवून त्याने सोलकढी दिली. "म्हज्या पायची याद, पात्रांव. विकूंक मन जायना," म्हणजे वडिलांची आठवण, विकायला मन होत नाही, असं म्हणून डोळेही पुसले. मग सालात, म्हणजे दिवाणखान्यात, जोडी वाजवली. अँप (अँप्लिफायर) त्याचा, गाणं त्याचं, ड्रम धडाडणारं काहीतरी इंग्रजी, आणि अँपवर खर्ज फुगवणारं लाउडनेसचं बटण दाबलेलं. उंच कौलारू छत, खाली लाल गुळगुळीत जमीन. अशा खोलीत पिंपही चांगलं वाजेल. मी बरोबर अभिषेकीबुवांची एलपी नेली होती. "सुई तुटली," म्हणाला. मी मान डोलावली.

जाळी काढून बघू का विचारलं, तर म्हणाला हात लावू नका, स्पंज जुना, तुकडे पडतील. हे खरंही वाटतं, कारण मूळच्या त्या जाळ्या खरोखरच भुगा होतात, आणि गोव्याच्या दमट हवेत तर बघायलाच नको. पण समोरची जाळी कोरी करकरीत होती, रंगसुद्धा उडालेला नव्हता. पन्नास वर्षांची जाळी इतकी ताजी कशी, हा प्रश्न मला घरी पोचल्यावर पडला. तिथे मी उलट तिच्याकडे बघतच राहिलो होतो.

माझी उरलीसुरली शंका गेली ती एका बिलाने. वूफरच्या कडेचा फोम नुकताच बदलून घेतलाय म्हणाला आणि कोल्हापूरच्या एका रिपेअरवाल्याचं बिल दाखवलं, साडेसहा हजारांचं. मनात म्हटलं, माणूस प्रामाणिक आहे, दुरुस्ती लपवत नाही.

खोके उचलायला तो मदतीला येणार तेवढ्यात मी एकट्यानेच एक उचलून गाडीत ठेवला. बायकोला फोनवर फुशारकीने सांगितलं, अजून कंबर शाबूत आहे.

घरी बुवांची एलपी लावली तेव्हा आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा. दोन दिवस मी तारा बदलल्या, जागा बदलली, कोपऱ्यात ठेवले, भिंतीपासून ओढले. शेवटी सावंतवाडीहून ओळखीच्या मेकॅनिकला बोलावलं. या माणसाने चाळीस वर्षं स्पीकरच उघडलेत. त्याने जाळी काढली, वूफरच्या कडेच्या काळ्या स्पंजवरून अंगठा फिरवला आणि विचारलं, "ह्यो फोम कोणी लावल्यान?"

मी बिलाची गोष्ट सांगितली. तो हसला. "ह्येका फोम कधीच नव्हतो रे."

एल-१०० सेंच्युरीच्या वूफरची कड लेप दिलेल्या कापडाची असते, हार्मोनियमच्या भात्यासारख्या बारीक चुण्यांची. ती फोमसारखी कुजत नाही, बदलावी लागत नाही. जे बिल बघून मी भुललो तेच विकणाऱ्याच्या लबाडीचा कागद होतं. मी घाईघाईने फोनमधला जाहिरातीचा फोटो उघडला. त्यात कडेला चुण्या स्पष्ट दिसत होत्या. फोटो खऱ्याचा होता, खोक्यात दुसरंच. इतके दिवस तो माझ्याच खिशात होता.

मग मेकॅनिकने वूफर बाहेर काढला. कोनवरचा, म्हणजे वूफरच्या शंकूवरचा, पांढरा रंग हाताने फासलेला, त्यात ब्रशाचा एक केस अडकलेला. मागचं चुंबक श्रीखंडाच्या वाटीएवढं. मूळच्या वूफरला अल्निको या मिश्रधातूचं वजनदार चुंबक असतं. माझी कंबर कशामुळे शाबूत राहिली ते तेव्हा कळलं. खोके मात्र अस्सल, असं त्याचं म्हणणं. मूळचे वूफर, ट्वीटर सुटे विकले की चांगले पैसे येतात, रिकाम्या खोक्यात स्वस्त माल भरला की तेही विकले जातात. एका जनावराचे दोनदा पैसे.

आवाज का बिघडला तेही त्याने समजावलं. या मॉडेलमध्ये वूफरच्या वाटेत क्रॉसओव्हर, म्हणजे वरचे-खालचे सूर वेगळे करणारी जोडणी, नाहीच, अँपची तार थेट त्याला जाते. वरचे सूर कुठे सोडायचे ते तो कोन आपल्या बांधणीनेच ठरवतो. म्हणून तिथे बाजारातला कुठलाही बारा इंची बसवला की तो गायकाच्या आवाजावर स्वार होतो.

पुढच्या दोन बटणांची गंमत तर राहिलीच. मिडरेंज आणि ट्वीटर कमीजास्त करायची ती बटणं मी त्या सालात फिरवून पाहिली होती. काही फरक पडला नाही, तर मीच त्याला म्हणालो, जुनी आहेत, गंज धरला असेल. गंजलेलं बटण फिरवताना खरखर करतं हो! ही मुकी होती, कारण मागे तारच नव्हती.

मी परत त्या गावी गेलो. घराला कुलूप. शेजारच्या बाईने सांगितलं, तो दोन महिन्यांसाठी भाड्याने राहिला होता, घराचे मालक लिस्बनला असतात. पोलीस स्टेशनात तक्रार लिहून घेतली, पण पहिला प्रश्न असा की वस्तू तुम्ही बघून, वाजवून घेतली ना? रोख रकमेची पावती माझ्याकडे नव्हती. यूपीआयवर नाव आलं होतं ते एका बाईचं.

खोके अजून हॉलमध्येच आहेत. एकावर बायकोने मनीप्लांट ठेवलाय.

गेल्या महिन्यात तोच फोटो परत दिसला, या वेळी गाव सासष्टी तालुक्यातलं. मेहुण्याच्या नंबरवरून मेसेज टाकला, वूफरचा फोम ठीक आहे ना? दहा मिनिटांत बिलाचा फोटो आला. कोल्हापूर, साडेसहा हजार, फक्त तारीख नवी. बिलाचा तो आणि माझ्याकडचा जाहिरातीचा, दोन्ही फोटो मी पोलीस स्टेशनात नेऊन दिलेत.