आठ महिने फ्लॉस वापरल्यावर: फट पडली की दिसली?

जानेवारीत, सोलापूरच्या गड्ड्याच्या जत्रेत फ्लॉसला, म्हणजे दातांच्या फटींतून फिरवायच्या बारीक दोऱ्याला सुरुवात केली, आता गणपती उठले. आठ महिने झाले, तेव्हा लिहायला हरकत नाही.

निमित्त शेंगाचटणीचं. कडक भाकरीबरोबर खाल्ली की उजवीकडच्या खालच्या दोन दाढांत कूट जाऊन बसायचा आणि मी काडेपेटीच्या काडीने टोकरत बसायचो. हिरडी सुजलेली, ब्रश करताना थुंकी गुलाबी. डॉक्टरांनी आधी स्केलिंग करून दातांवरचं कीटण खरवडलं (दगड झालेलं कीटण दोऱ्याने निघत नाही) आणि रोज रात्री फ्लॉस करा म्हणाले.

पहिला आठवडा रोज दोरा लाल. आई म्हणाली, "कशाला रगत काढतोस रे? फटी पडतील की." चूक माझीही होती. दोरा जोरात दाबला की तो फटकन उतरून हिरडीवर आपटायचा. मग नीट शिकलो: हातभर, साधारण ४५ सेंटीमीटर दोरा मधल्या बोटांना गुंडाळायचा, मागेपुढे करत हळू उतरवायचा, एका दाताला कवेत घेऊन हिरडीच्या कडेखाली किंचित न्यायचा, घासत वर आणायचा. शेजारच्या दातालाही तसंच. दुसरा आठवडा संपता संपता दोरा पांढरा यायला लागला. आधी त्याला जो वास यायचा, तो सोडा.

तिसऱ्या महिन्यात आरशात पाहतो तर खालच्या पुढच्या दातांत, हिरडीपाशी, बारीक काळे त्रिकोण! आईचं "सांगितलं नव्हतं?" झालंच. डॉक्टरांकडे पळालो. ते म्हणाले, फट आधीचीच आहे, सुजून फुगलेल्या हिरडीने झाकली होती. सूज उतरली, ती दिसली. आतलं हाड थोडं झिजलंय, ते काही फ्लॉसने भरून येत नाही. त्या फटींत आता दातांमधला छोटा ब्रश फिरवतो, बाकी ठिकाणी दोराच.

तक्रारी आहेत. शेवटच्या दाढेपर्यंत माझी जाड बोटं पोचत नाहीत. ५० मीटरची डबी हिशेबाने साडेतीन महिने जायला हवी, माझी अडीचमध्ये संपते. बिनमेणाचा दोरा दातात भरलेल्या एका जुन्या सिमेंटपाशी रोज फाटायचा. सिमेंटची कड खडबडीत निघाली, ती घासून घेतली.

मे महिन्यात लग्नाला आठवडाभर अक्कलकोटला होतो, डबी घरीच राहिली. परतल्यावर पहिल्याच रात्री त्याच दाढांत दोरा पुन्हा गुलाबी.